चांदीची बॅट, दरबाराचा पगार

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. इंदूरच्या सराफ्यातल्या पेढ्यांची शटरं एकेक करून खाली येतायत आणि त्यांच्याच ओट्यांवर शेगड्या पेटतायत. भुट्ट्याच्या किसाला फोडणी बसतेय, गराडूवर मसाला पडतोय, दहीवड्याचा द्रोण हवेत भिरकावून अलगद झेलणाऱ्या दुकानदारापुढं मोबाईल उंचावलेली गर्दी आहे. पोटभर खाऊन घ्या. हात धुवा आणि राजवाड्याच्या अंगाला जो अरुंद बोळ आहे त्यात शिरा.

बाहेर पडलात की १९२६ सालचा डिसेंबर.

मोबाईल गेला. खिशात एकच नाणं लागतं, पंचम जॉर्जचं डोकं असलेला चांदीचा रुपया, वजन एक तोळा. पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसलेल्या सराफापुढं तो ठेवलात की सराफ तुमच्याकडं न पाहता तो दगडी फरशीवर टाकतो, आवाज ऐकतो आणि मग मान वर करतो. नाणं खरं निघालं तर माणूसही बहुधा बरा असेल, एवढीच इथली ओळखपरेड.

थंडी मालव्याची आहे, कोरडी. भावताव मालवी आणि हिंदीत चाललाय, पण कोपऱ्यातल्या ओट्यावर दरबारच्या दप्तरातले दोन कारकून मराठीत कुजबुजतायत. कुजबुजायला कारणही आहे. याच वर्षी फेब्रुवारीत तुकोजीराव होळकर महाराजांना गादी सोडावी लागली. आदल्या वर्षी मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, दरबारातून पळालेल्या नर्तकी मुमताज बेगमचं नाव निघालं आणि प्रकरण होळकरांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. आता गादीवर अठरा वर्षांचे यशवंतराव आहेत. जुन्या महाराजांविषयी मोठ्यानं बोलायची सोय नाही, म्हणून कारकून त्यांनी मागं ठेवलेल्या एका माणसाविषयी बोलतात.

"पाव्हणे, मुंबईहून आलात ना? मग परवा जिमखान्यावर होतात की काय?"

खुशाल हो म्हणा. तुम्हाला तिथं जाऊन यायला क्षणभर पुरतो.

१ डिसेंबर, बॉम्बे जिमखाना. तंबू भरलेत, आणि तंबूत ज्यांना जागा नाही ते झाडांवर आणि आसपासच्या गच्च्यांवर चढलेत. विलायतेहून आलेल्या आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघानं ३६३ केल्यात. त्यात गाय अर्ल नावाच्या धिप्पाड गड्याच्या आठ षटकारांसह १३० आहेत. साहेबानं काठी दाखवून झालीय. आता हिंदू संघाची फलंदाजी, आणि मैदानात एक उंच, ताठ, लांब हातांचा माणूस चालत येतोय. पाऊल पलटणीतलं पडतंय, घाई नाही. बॅट मागं उंच जाते आणि चेंडू थेट जिमखान्याच्या छपरावर. तुमच्या शेजारचा गिरणगावातला पोऱ्या शिटी मारतो. पुढच्या दोन तासांत त्याच्या शिट्या थांबत नाहीत. १५३ धावा, ११ षटकार, १३ चौकार. बोटांवर हिशेब करा, दीडशेतल्या ११८ सीमेपारच्या. धावायचे कष्ट फक्त पस्तिसांपुरते.

परत सराफ्यात या. ओट्यावर तोच हिशेब चालू आहे. कोट्टारी कनकय्या नायडू, पण हे नाव कुणी पुरतं घेत नाही. "कप्तानसाहेब" किंवा नुसतं "सी.के.". जन्म नागपूरचा, घर तेलुगू, आजोबा वकील, वडील केंब्रिजला शिकून आलेले. शाळा हिस्लॉप. १९१६ साली हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध पहिला मोठा सामना खेळला, तेव्हा पहिले तीन चेंडू नुसते अडवले आणि चौथा षटकाराला धाडला, असं सांगतात. १९२३ मध्ये तुकोजीरावांनी त्याला इंदूरला बोलावलं आणि होळकरांच्या लष्करात कॅप्टन केलं.

"म्हणजे पगार पलटणीचा आणि काम मैदानाचं," धाकटा कारकून हसतो.

"मग काय झालं? दरबारात गवई नाहीत? पैलवान नाहीत? तालमीतल्या पैलवानाला खुराक लागतो, याला बॅट लागते," थोरला त्याला गप्प करतो.

सराफाचं लक्ष दुसरीकडंच आहे. त्या खेळीबद्दल एमसीसीकडून नायडूंना चांदीची बॅट मिळतेय, हे त्याच्या कानावर गेलंय. त्याला एवढंच कळून घ्यायचंय की ती किती तोळ्यांची.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खेळ आणि चांदी यांची सोयरीक इथं उभं राहून चांगली कळते. ज्या बॉम्बे जिमखान्यावर हे अकरा षटकार बसले, तिथंच पावसाळ्यात साहेब लोक रग्बी खेळतात. नेटिवांनी लांबून बघायचा खेळ. त्यांचा सगळ्यात जुना करंडक तर आपल्याच रुपयांतून घडलाय. १८७३ मध्ये कलकत्त्यात रग्बीचा क्लब निघाला, पाचेक वर्षांत सभासद पांगले, क्लब मोडायची वेळ आली. बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये काढून त्यांनी वितळवले आणि चषक केला. मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी लढतात. सराफ्यातल्या कुठल्याही कारागिराला दाखवा, तो पहिल्यांदा वजन विचारेल आणि मग नागाची फणी नीट उतरलीय का ते बघेल.

त्याच रग्बीचे इंग्लंडात दोन तुकडे झाले ते पैशावरून. उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे. शनिवारी सामना म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ती भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं होतं. लंडनच्या सभ्य गृहस्थांनी ठणकावलं, पैसा घेतला की खेळाडू बाटला. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तिथून पुढं कित्येक वर्षं, एका बाजूला पैसे घेतलेला खेळाडू दुसऱ्या बाजूच्या मैदानात आयुष्यभर पाय ठेवू शकला नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, नागपुरात नायडूंच्या घरी सी.के. जन्मला.

खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीचं काय, हा प्रश्न इंदूरनं कधी सभेत मांडला नाही. उत्तर गणवेशाच्या खांद्यावर टाचून दिलं. महाराज म्हणतील तो कॅप्टन, आणि महाराज म्हणतात म्हणून तो सकाळी कवायतीऐवजी नेटमध्ये. माझ्या मते ही व्यवस्था लंडनच्या सोवळ्यापेक्षा प्रामाणिक होती. निदान चूल कुणाच्या जिवावर पेटते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण तिच्यात एक गोम होती, आणि ती बघायला तुम्हाला सहा वर्षं पुढं यायला हवं.

२५ जून १९३२, शनिवार. दुपारी चारचा सुमार. पावसाची एक सर येऊन गेलीय, सराफ्याच्या फरश्यांवर चिखलाची पावलं उमटलीत. याच घटकेला लंडनमध्ये सकाळचे साडेअकरा वाजतायत आणि लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळायला उतरतोय. इथं रेडिओवर काही लागणार नाही. तार येईल, मग मुंबईचं वर्तमानपत्र गाडीनं येईल, मग ओट्यावर एकजण वाचेल आणि वीसजण ऐकतील. तरी तुम्ही थांबाल, कारण कर्णधार आपला आहे.

तो कसा झाला ही गोष्ट सराफ्यात मोठ्या चवीनं सांगितली जाते. दौऱ्याचे कर्णधार मुळात पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. संस्थानिकाशिवाय इतर कुणी संघाच्या पुढं चालावं हे निवडणाऱ्यांना पटणारं नव्हतं. पोरबंदरच्या महाराजांना मात्र स्वतःच्या खेळाचा अंदाज होता. विलायतेत पहिल्या दर्जाच्या चार सामन्यांत त्यांच्या धावा दोन्ही हातांच्या बोटांवर मावल्या, आणि त्यांच्या रोल्स-रॉइस गाड्या त्याहून जास्त असल्याचा विनोद दौराभर फिरला. ते मोठ्या मनानं बाजूला झाले. लिंबडीकर जायबंदी झाले. उरला तो होळकरांचा पगारी कप्तान. त्याच्या हाताखाली खेळायला संघात काहींनी नाकं मुरडली. शिस्त कडक, बोलणं तुटक, आणि मुख्य म्हणजे कुठल्याही गादीचा वारस नाही.

तार येते. इंग्लंड ३ बाद १९. सटक्लिफ आणि होम्स यांच्या दांड्या निसारनं उडवल्या, वूली धावबाद. ओट्यावरचा म्हातारा दोनदा विचारतो, आकडे उलटे तर लागले नाहीत ना? लागलेले नाहीत. पुढं इंग्लंड सावरतं, २५९ पर्यंत जातं. भारताच्या १८९ मध्ये सर्वांत जास्त, ४०, कर्णधाराच्या, त्याही क्षेत्ररक्षणात दुखावलेल्या हातानं. शेवटी १५८ धावांनी हार. पण त्या दौऱ्यात त्यानं पहिल्या दर्जाच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले, आणि एजबॅस्टनवर मारलेला एक षटकार रिया नदीपलीकडं, म्हणजे वॉर्विकशायरमधून उडून वूस्टरशायरमध्ये पडला, अशी आख्यायिका करून ठेवली. १९३३ साली विस्डेननं वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत त्याला घेतलं. त्याच डिसेंबरात हिंदुस्थानातली पहिली कसोटी झाली ती बॉम्बे जिमखान्यावरच. लाला अमरनाथ ११८, कर्णधार नायडू ६७.

आणि १९३६ मध्ये पुन्हा विलायत, तर कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार. हीच ती गोम. संस्थानिकांच्या मर्जीनं जो खेळ पोसला जातो, त्यात एका संस्थानाची मर्जी दुसऱ्याला भारी पडते. खांद्यावरच्या फितीला इंदूरबाहेर किंमत नव्हती. नायडूंनी तो दौरा साधा खेळाडू म्हणून काढला. ओव्हलवर गबी ॲलनचा चेंडू अंगावर बसला, मैदान सोडलं नाही, ८१ केल्या. कसोटीतला तो त्यांचा शेवटचा डाव. उभ्या जन्मात कसोट्या सात, धावा ३५०. याच दौऱ्यात मँचेस्टरला ११२ काढणारा मुश्ताक अली इंदूरचाच, एका पोलीस इन्स्पेक्टरचा मुलगा, नायडूंच्या हाताखाली घडलेला.

सात कसोट्यांवर माणूस तोलायचा तर काटा हलणारही नाही. म्हणून आता चाळिशीच्या दशकात या. इथं जरा रेंगाळू.

१९४५. खिशातला रुपया पुन्हा सराफापुढं टाका. आवाज बद्द येतो. घाबरू नका, खोटा नाही. युद्धामुळं १९४० पासून सरकारनंच रुपयातली चांदी निम्म्यावर आणलीय. सराफ तोंड वाकडं करून तो परत देतो. जुने, भरीव रुपये गल्लीतून कधीच गायब झालेत, ते घराघरांत मडक्यांत बसलेत. नायडूंच्या पदरात मात्र या काळात एक नवा व्यवहार पडलाय. १९४१ मध्ये बाथगेटच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले. हिंदुस्थानी क्रिकेटपटूनं आपलं नाव मालाला जोडण्याची ही पहिली वेळ मानतात.

मार्च महिना आहे आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजीचा अंतिम सामना चाललाय, होळकर विरुद्ध मुंबई. होळकरांकडून एक गोरा खेळतोय. डेनिस कॉम्प्टन, इंग्लंडचा फलंदाज आणि आर्सेनलचा फुटबॉलपटू. युद्धात त्याची नेमणूक इंदूरपासून चौदा-पंधरा मैलांवर महूच्या छावणीत झाली आणि होळकरांनी तो बरोबर हेरला. मुंबईनं दोन डावांत ४६२ आणि ७६४ केल्यात, एकट्या विजय मर्चंटच्या २७८. होळकरांपुढं लक्ष्य ८६७. मुश्ताक अलीनं पहिल्या डावात १०९, दुसऱ्यात १३९ केल्या. कॉम्प्टन नाबाद २४९. तरीही ३७४ धावांनी हार.

सराफ्यात मात्र चर्चा वेगळ्याच रकमेची. कॉम्प्टन पुढं आयुष्यभर सांगत राहिला की इंदूरच्या एका धनिकानं त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागं पैसे कबूल केले होते. म्हणजे १४९ धावांचा हिशेब. खेळून परतला तर शेठजींच्या जागी चिठ्ठी, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलंय. ओट्यावर बसून ही गोष्ट ऐका, कुणालाही कॉम्प्टनची कीव येत नाही. "तोंडी सौदा कुणी सांगितला होता करायला?" एवढीच प्रतिक्रिया. इंग्लंडात तो रीतसर पगारी खेळाडू होता. इथं त्याला आश्वासनावर खेळवलं गेलं. दरबारी फितीचं मोल नेमकं इथं कळतं. ती महिन्याच्या महिन्याला वटत होती.

पुढचं वर्ष. राजवाड्यावरून यशवंत क्लबच्या मैदानाकडं टांगा करा. मैसूरविरुद्ध उपांत्य सामना आहे आणि होळकरांचा डाव संपायचं नाव घेत नाही. कमल भांडारकर १४२. चंदू सरवटे १०१. माधवसिंह जगदाळे १६४. नायडू १०१. भाऊसाहेब निंबाळकर १७२. प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतकं, ८ बाद ९१२ वर डाव घोषित. धावफलकाजवळच्या पोराकडं बघा. पाट्या लावून लावून त्याचे हात पांढरे झालेत. तंबूतली बोलणी ऐका, पोटतिडकीनं चाललेली मराठी आणि मधूनच इंदुरी "क्यों भिया". सहांतली चार नावं अस्सल मराठी. सरवटे तर वकील, पुढं बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून कोर्टकचेऱ्यांत मान मिळवणार. याच उन्हाळ्यात ते इंग्लंडला जातील आणि ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीनं २४९ धावा करतील, दोघांचीही शतकं. निंबाळकरांचं नशीब पाहायला १९४८ चं पुणं गाठावं लागेल. महाराष्ट्राकडून नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक हाताशी, आणि समोरच्या काठियावाड संघाच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. संस्थानिक क्रिकेट देत, आणि मनात आलं की असं काढूनही घेत.

अंतिम फेरीत गाठ बडोद्याशी, सामना पुन्हा इंदूरलाच. उन्हं कलली तरी एक ताठ आकृती खेळपट्टीवर उभीच आहे. केस पिकलेत, बॅट मागं जाते ती तेवढीच उंच. वय ५०, धावा २००. होळकर ५६ धावांनी जिंकतात आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदुरात येतो. त्या रात्री सराफ्यात तुम्हाला कुणी पैसे देऊ देणार नाही, रबडी खा.

पुढच्याच वर्षी बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा करून या दोनशेची सव्याज परतफेड केली, ते जाऊ द्या.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. पलटण गेली, फिती गेल्या. होळकर संघ मात्र नावानं काही वर्षं टिकला. १९४१-४२ पासूनच्या चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी आणि चार वेळा करंडक. एवढ्याशा संस्थानाला हे जमलं ते मुंबईसारख्या गल्लोगल्लीच्या क्लबांवर मुळीच नाही. पगारावर ठेवलेल्या दहा-बारा माणसांना एका कर्दनकाळ कर्णधारानं रोज पहाटे मैदानात उभं केलं म्हणून. दत्तू फडकरांच्या चेंडूनं नायडूंचे समोरचे दात पडले, त्यांनी ते बॅटनं बाजूला लोटले आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितला, हा किस्सा सराफ्यात तुम्हाला चार जण चार तऱ्हांनी सांगतील. तेव्हा त्यांचं वय ५६ होतं, यावर चौघांचं एकमत.

आता शेवटचा मुक्काम, १९५६-५७ चा हिवाळा. रुपयात चांदी औषधालाही उरलेली नाही. तो आता नुसत्या निकेलचा. तुमचा तोळ्याचा रुपया दाखवलात तर सराफ तो चटकन वजनावर विकत मागेल. ओट्यावरचा धाकटा कारकून म्हातारा झालाय, पेन्शनीत आहे, वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचतोय.

"हे बघा. आंध्राकडून खेळून झालं, आता उत्तर प्रदेशचे कर्णधार! एकसष्ट पुरी झाली माणसाची, यंदा पद्मभूषण मिळालं. घरी बसावं की नाही?"

"पण तिकडं पगार कोण देतं त्यांना?" बाजूचा विचारतो.

"आता कसला पगार? बोलावतात, हे जातात."

रणजीतल्या शेवटच्या डावात त्यांनी ५२ केल्या. एकूण हिशेब पेन्शनर कारकुनाकडूनच लिहून घ्या, त्याचं अक्षर चांगलं आहे. पहिल्या दर्जाचे सामने २०७, धावा ११,८२५, शतकं २६, बळी ४११. त्यात त्याला अजून ठाऊक नसलेली एक नोंदही धरलीय. १९६३-६४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते पुन्हा एकदा पॅड बांधून उतरले. तो सामना मदतनिधीसाठी होता. म्हणजे या खेपेला पैसे खेळाडूनं घ्यायचे नव्हते, त्याच्या नावावर तिकिटं खपवून जमा करायचे होते.